दार दोन्ही हातांनी धरा : आइसलँडला निघालेल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आइसलँडबद्दल सहज चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. बहुतेक सगळी पत्रं व्हिसाची, थोडी खाण्यापिण्याची, थोडी नॉर्दर्न लाइट्सची, आणि वाऱ्याबद्दल विचारणारं पत्र एकच. मी तिथे तीनदा जाऊन आलेय, दोनदा उन्हाळ्यात आणि एकदा फेब्रुवारीत, आणि मला जो काही त्रास झाला तो एकदाही इमिग्रेशनच्या काउंटरवर झाला नाही, झाला तो बाहेर, वाऱ्यात, आणि तोही माझ्याच घाईमुळे. तर व्हिसाचं आधी उरकते आणि मग निवांत वाऱ्याकडे येते.

प्रश्न : ताई, आइसलँड युरोपियन युनियनमध्ये नाही असं वाचलं. मग शेंगेन व्हिसा चालेल की वेगळा काढावा लागेल? आम्ही चौघं आहोत, मुलं ५ आणि ९ वर्षांची. फी किती, किती आधी अर्ज करायचा? आणि विमानतळावर आता फोटो घेतात म्हणे, ते काय?

युनियनमध्ये नाही हे खरंय, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, २००१ पासून आहे, त्यामुळे तोच व्हिसा, तोच स्टिकर, आणि १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस हा नियमही तोच. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो झालीये, ६ ते १२ च्या मधल्या मुलांना ४५, आणि सहाच्या खालच्यांना फी नाही, म्हणजे तुमच्या धाकट्याचं फुकटात होईल. अर्ज घेणाऱ्या सेंटरची सर्व्हिस फी वेगळी असते, ती धरून चाला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, अगदी शेवटची मुदत पंधरा दिवस. पण पंधरा दिवसांवर कोणी विसंबू नका हो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात आणि त्यांना काही शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत लांबवता येतं.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यात लोक फार घोळ घालतात. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. आइसलँडला सात रात्री आणि पॅरिसला दोन, तर आइसलँडकडे. रात्री समसमान असतील तर जिथे आधी उतरणार तिकडे. 'अमुक देशाकडून लवकर मिळतो' म्हणून तिकडचा व्हिसा काढायचा आणि जायचं भलतीकडेच, ही युक्ती जो सांगेल त्याला सांगा की मग काउंटरवर उत्तरं द्यायला तूच ये.

पासपोर्टवर दोन पानं कोरी हवीत, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. मुलांचे पासपोर्ट आधी बघा, मुलांचे लवकर संपतात आणि ते नेमकं कुणाच्याच लक्षात नसतं.

इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. एवढं बघून लोक सगळ्यात स्वस्त पॉलिसी उचलतात. पण तुम्ही ग्लेशियरवर चालणार असाल किंवा स्नोमोबाइलवर बसणार असाल तर बारीक अक्षरातलं कलम वाचाच, बऱ्याच पॉलिसींमध्ये 'अ‍ॅडव्हेंचर' म्हणून नेमकं तेच वगळलेलं असतं. व्हिसा मिळण्यापुरती ती पॉलिसी चालते, पाय मोडल्यावर चालत नाही.

फोटोचं म्हणाल तर ती एंट्री-एक्झिट सिस्टीम, ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पासपोर्टवर शिक्का मारायच्या जागी तुमची येण्याजाण्याची नोंद कॉम्प्युटरवर होते, चेहऱ्याचा फोटो घेतात. बोटांचे ठसे आपण व्हिसाच्या वेळीच दिलेले असतात. हे सगळं शेंगेनच्या पहिल्या विमानतळावर होतं हं, म्हणजे फ्रँकफर्टमार्गे गेलात तर फ्रँकफर्टला, आइसलँडच्या विमानतळावर, केफ्लाविकला, पोचलात की थेट बाहेर. पहिल्यांदा नोंद होताना रांग वाढते, तेव्हा पुढच्या विमानाला तास-सव्वातासच ठेवून तिकीट काढू नका. आणि ईटीआयएएस नावाचा आणखी एक फॉर्म भरावा लागेल म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका, तो ज्यांना व्हिसाच लागत नाही अशा देशांच्या लोकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

प्रश्न : आम्हाला राजधानी रेक्याविकहून दोन दिवस ग्रीनलँडला जायचंय. विमानाने दोन-तीन तासांवर तर आहे. शिवाय जाताना लंडनमार्गे तिकीट स्वस्त पडतंय. शेंगेन व्हिसावर दोन्ही होईल ना?

दोन्हीकडे 'नाही' आहे. बरं झालं तिकीट काढायच्या आधी विचारलंत.

ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे पण शेंगेनच्या बाहेर. तिकडे जायला व्हिसावर ग्रीनलँडसाठी चालतो असा वेगळा उल्लेख लागतो आणि तो निघायच्या आधीच मिळवावा लागतो. दुसरी गोम अशी की ग्रीनलँडला गेलात म्हणजे तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर तो तिथेच संपला, परत रेक्याविकला यायची सोय नाही. तेव्हा मल्टिपल एंट्री मागा आणि अर्जासोबतच्या कार्यक्रमात ग्रीनलँडचे दोन दिवस स्पष्ट दाखवा. फॅरो बेटांचंही हेच.

लंडन तर वेगळंच राज्य. शेंगेन व्हिसा यूकेत चालत नाही, आणि भारतीय पासपोर्टवर नुसतं विमान बदलायलासुद्धा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. त्यात ज्या काही सवलती आहेत त्या तुम्हाला लागू आहेत का ते ब्रिटिश सरकारच्या साइटवर स्वतः तपासा, एजंटच्या 'हो हो होतं ते' वर जाऊ नका. नाहीतर कोपनहेगन, ऑस्लो, फ्रँकफर्ट, अ‍ॅम्स्टरडॅम असं शेंगेनमधूनच जा, चार पैसे जास्त गेले तरी डोकं शांत राहतं.

प्रश्न : तिकडे खाणं महाग म्हणून घरचं तूप, पेढे वगैरे न्यावं म्हणते. आणि माझ्या बीपी-शुगरच्या गोळ्या?

मावशी, तूप आणि पेढे राहू द्या. युरोपबाहेरून येणाऱ्यांना मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे, आणि तूप हा दुधाचाच पदार्थ. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला तेवढी सूट असते. कच्च्या मांसाबाबत तर आइसलँड फारच कडक. कारण असं की ते बेट हजार वर्षं बाकी जगापासून तुटलेलं, तिथल्या जनावरांना बाहेरचे रोग माहीतच नाहीत. त्यांच्या घोड्यांचं तर असं आहे की एकदा घोडा देशाबाहेर गेला की त्याला परत येता येत नाही, शर्यत जिंकून आला तरी नाही! घोडेस्वारीचे वापरलेले हातमोजे, खोगीर वगैरेही आणू देत नाहीत. तुम्ही कोरडा फराळ न्या, मसाले न्या, तिथल्या सुपरमार्केटात तांदूळ-डाळ-भाज्या सगळं मिळतं, स्वयंपाकघर असलेली जागा घ्या म्हणजे झालं.

गोळ्या मात्र नक्की न्या, प्रवासाच्या दिवसांपुरत्या अधिक चार-पाच दिवसांच्या जास्तीच्या (वादळात अडकायला होतं कधीकधी), मूळ पाकिटात, हँडबॅगेत, आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, ज्यात औषधाचं कंपनीचं नाव न लिहिता घटकाचं नाव लिहिलेलं असेल. झोपेच्या किंवा जोरदार वेदनाशामक गोळ्या असतील तर चिठ्ठीशिवाय निघूच नका. तिकडे अँटिबायोटिक सहज मागून मिळत नाही, प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि औषधं फक्त फार्मसीत, तिला तिकडे अपोटेक म्हणतात. गावात असतं, पण गावंच पन्नास-शंभर किलोमीटरवर असतात.

प्रश्न : देशाला वळसा घालणारा रिंग रोड आठ दिवसांत स्वतः गाडी चालवत करायचा प्लॅन आहे, मार्चच्या सुरुवातीला. मला वीस वर्षांचा ड्रायव्हिंगचा अनुभव आहे, घाटात चालवलीये, पावसात चालवलीये. तिकडे तर ट्रॅफिकच नाही म्हणतात. वाऱ्याची लोक फार भीती घालतात, एवढं असतं का खरंच?

वाऱ्याबद्दल विचारणारं पत्र ते हेच, म्हणून यालाच सगळ्यात जास्त जागा देतेय.

असतं. माझं ऐका. फेब्रुवारीत वीक गावाजवळच्या एका पेट्रोल पंपावर थांबलो, आकाश निळंशार, ऊन पडलेलं, मला वाटलं आज काय मस्त हवा आहे. हातमोजे मागच्या सीटवर राहिले होते म्हणून मी एका हातात कॉफी धरून दुसऱ्या हाताने दार उघडलं. दार माझ्या हातातून निघून गेलं. म्हणजे मी उघडलंच नाही, वाऱ्याने ते हिसकावून पुढच्या बाजूला दुमडलं, कडाकड आवाज आला आणि मग ते बंदच होईना, वरून बोटभर फट. उरलेला दिवस आम्ही ते दार आतून बॅगेच्या पट्ट्याने बांधून चाळीसच्या स्पीडने गाडी चालवली, आणि त्या फटीतून जो काही आवाज येत होता तो मला अजून आठवतो. गाडी भाड्याने देणाऱ्याने शांतपणे कागद पुढे केला, त्यावर लिहिलेलं होतं की वाऱ्याने दाराचं झालेलं नुकसान इन्शुरन्समध्ये येत नाही. सही माझीच होती. त्या बिलात दुसऱ्या ट्रिपचं तिकीट आलं असतं.

तर आता नियम असा. गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करून लावायची, म्हणजे वारा दार उघडायच्या ऐवजी मिटवायला बघतो. दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं, एका वेळी एकानेच उतरायचं, आणि मागच्या मुलांना स्वतः दार उघडू द्यायचं नाही, चाइल्ड लॉक लावून टाका.

हवामान खात्याच्या साइटवर, वेदुर डॉट आयएसवर, वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात असतो. '१८' दिसलं की आपल्याला वाटतं काय एवढं त्यात, पण त्याला ३.६ ने गुणा, ताशी ६५ किलोमीटर झाले. २५ म्हणजे ९०. आणि हे सरासरीचे, झोत याहून मोठे. कँपरव्हॅनसारखी उंच गाडी असेल तर १५ च्या पुढे आकडा गेला की मी तरी बाहेर काढणार नाही. पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतात, नारिंगी लागला की त्या भागात हॉटेलात बसून राहायचं, बुकिंग वाया गेलं तर गेलं. रस्त्यांसाठी उम्फेर्दिन डॉट आयएस, रोज सकाळी चहाआधी बघायची, दुपारी परत बघायची.

तुमचा वीस वर्षांचा अनुभव कमी लेखत नाहीये, पण तो डाव्या बाजूचा आहे आणि बर्फावरचा नाही. तिकडे उजवीकडून चालवतात. गावात ५०, कच्च्या रस्त्यावर ८०, डांबरीवर ९०, याच्या वर कुठेच नाही. हेडलाइट चोवीस तास चालू, सीट बेल्ट सगळ्यांना, आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलांना चाइल्ड सीट. दारूची मर्यादा इतकी कमी आहे की एक बिअरही नको. दोन लेनच्या गोल चौकात आतल्या लेनमधल्याला आधी बाहेर पडू द्यायचं, हे बाहेरच्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं आणि तिथेच ठोकाठोकी होते.

पाट्या तीन-चार पाठ करा. 'एइनब्रेइद ब्रू' म्हणजे एकेरी पूल, जो पुलाच्या जवळ आधी पोचला तो आधी जातो, समोरचा थांबतो, आणि शंका असली की आपण थांबायचं. 'ब्लिंडहाइद' म्हणजे पुढे चढ आहे आणि पलीकडचं दिसत नाही. 'माल्बिक एन्दार' म्हणजे डांबर संपलं, आता खडी, आणि हे संपणं अगदी सुरीने कापल्यासारखं असतं, ९० वर असाल तर गाडी घसरते, त्याच्या आधीच हळू व्हा. 'लोकाद' म्हणजे बंद. बंद म्हणजे बंद, आडवं लावलेलं फाटक वळसा घालून ओलांडायचं नाही, कारण मग तुम्हाला काढायला जे लोक येतात ते पगारी नसतात, ते लांड्सब्यॉर्ग या संघटनेचे स्वयंसेवक असतात, कुणी सुतार, कुणी शिक्षक, नोकरी सोडून रात्री दोनला येतात, आणि त्या कामाचे बरेचसे पैसे ते नववर्षाला फटाके विकून उभे करतात.

'एफ' ने सुरू होणारे आतले डोंगरी रस्ते मार्चमध्ये बंदच असतात, ते साधारण जूननंतर उघडतात आणि तेही फक्त फोर बाय फोरसाठी. रस्ता सोडून शेवाळावर गाडी घालायची नाही, कायद्याने गुन्हा आहे, दंड जबर, ते शेवाळ परत यायला कित्येक वर्षं लागतात. रात्री आकाशात हिरवं काही (तेच नॉर्दर्न लाइट्स) दिसलं तर हायवेच्या मधोमध ब्रेक मारून उतरू नका. हसू नका, मी असं करणारे पाहिलेत, दिवे बंद करून, काळे कोट घालून, कॅमेरा वर.

आणि आठ दिवसांत पूर्ण रिंग रोड, १,३०० किलोमीटरच्या वर, मार्चमध्ये? माझं मत विचाराल तर नको. कागदावर रोजचे साधारण १६५ किलोमीटर सोपे वाटतात, पण दोन दिवस वादळात गेले की उरलेल्या सहात तुम्ही नुसते पळत राहणार, आणि अपघात पळणाऱ्यांचेच होतात. दक्षिण किनारा करा, यॉकुल्सारलोन या हिमनगांच्या तळ्यापर्यंत जा, आणि एक दिवस कोरा ठेवा. रिंग रोडसाठी जूनमध्ये परत जा.

प्रश्न : माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत आणि फोटोग्राफीचं वेड आहे. रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या बीचवर पाण्याजवळ ट्रायपॉड लावायचा त्यांचा हट्ट आहे. म्हणतात मी कोकणातला, मला समुद्र शिकवू नको. काय सांगू त्यांना?

त्यांना हे वाचायला द्या. काका, नमस्कार. तुम्हाला समुद्र कळतो यात शंकाच नाही, पण तो समुद्र वेगळा आहे. रेनिसफ्यारासमोर दक्षिणेकडे सरळ रेघ मारली तर अंटार्क्टिकापर्यंत जमीनच लागत नाही, म्हणजे लाटेला वाटेत अडवणारं काही नाही, आणि किनाऱ्याजवळ तळ एकदम खोल जातो त्यामुळे लाट लांबून फुटत फुटत येत नाही, ती येते आणि थेट अंगावर येते. पाच मिनिटं लहान लहान लाटा येतात, वाळूवरची ओली रेघ बघून आपण म्हणतो पाणी इथवरच येतंय, आणि मग एकच लाट त्या रेघेच्या वीस-तीस मीटर पुढे येते. माणूस पडतो, पायाखालची गोटेरी वाळू पाण्याबरोबर मागे सरकते, जॅकेटमध्ये पाणी-वाळू भरते, पाणी बर्फासारखं गार, आणि दुसरी लाट यायच्या आत उठता येत नाही. पट्टीचा पोहणाराही काही करू शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे एका लहान मुलीचा जीव गेला, कुटुंबासोबत फिरायला आलेली.

तिथे वाटेवर फलक आणि दिवा आहे. लाल असेल तर वाळूवर उतरायचंच नाही, वरून बघायचं. पिवळा असेल तरी समुद्राकडे पाठ करायची नाही, आणि ट्रायपॉड लावला की माणूस अर्धा तास एका डोळ्यानेच जगतो, म्हणून मी म्हणेन तिथे तो नकोच. त्यापेक्षा काका, जवळच दिर्होलाएय नावाचा कडा आहे, त्याच्यावरून तीच काळी वाळू, तेच खडक, पण उंचावरून मिळतात, आणि फ्रेमही जास्त चांगली येते. मे-जूनमध्ये पक्षी अंडी घालतात तेव्हा त्याचा काही भाग बंद ठेवतात, तेवढं बघून जा. आणि कड्याच्या टोकाशी उभं राहायचं नाही, पफिन पक्षी मातीत बिळं करून राहतात, वरून गवत छान दिसतं आणि खाली पोकळ असतं.

यॉकुल्सारलोनला तरंगणाऱ्या बर्फावर पाय ठेवायचा नाही आणि बर्फाच्या गुहेत गाइडशिवाय जायचं नाही, हेही इथेच सांगून टाकते. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेइदामेर्कुर्योकुल हिमनदीवर टूरच्या लोकांवर बर्फ कोसळून एकाचा मृत्यू झाला. नैसर्गिक गुहा हिवाळ्याची गोष्ट आहे, उन्हाळ्यात कुणी स्वस्तात दाखवतो म्हणाला तर जाऊ नका.

प्रश्न : ज्वालामुखीचं काय? मुलीला दमा आहे. तिकीट कॅन्सल करू का?

नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक नावाचं जवळजवळ ३,८०० वस्तीचं अख्खं गाव एका रात्रीत रिकामं केलं, आणि त्या डिसेंबरपासून जुलै २०२५ पर्यंत तिथल्या सुंधनुकुरच्या भेगांमधून नऊ उद्रेक झाले. ऐकायला भयंकर वाटतं, पण हे सगळं रेक्यानेस द्वीपकल्पाच्या एका तुकड्यात, आणि त्यातून लाव्हा वाहतो, २०१० च्या एयाफ्यात्लायोकुलसारखी राख उडत नाही, म्हणून विमानं चालू असतात. पलीकडच्या ब्लू लगून या गरम पाण्याच्या तळ्यावरून मात्र लोकांना बरेचदा बाहेर काढलंय, तिथलं बुकिंग रद्द होऊ शकतं हे धरून चाला.

मुलीसाठी खरी काळजी लाव्हापेक्षा वायूची, सल्फर डायऑक्साइडची. तो वाऱ्याबरोबर रेक्याविकपर्यंतही येतो. उद्रेक चालू असेल तर हवेच्या गुणवत्तेची सरकारी साइट रोज बघा, आकडे चढले की तिला घरात ठेवा, खिडक्या बंद. साध्या मास्कने हा वायू अडत नाही. इनहेलर दोन न्या, एक तिच्या खिशात, एक तुमच्या. थंड वाऱ्यानेही दमा उठतो, तेव्हा नाक-तोंड झाकणारा मफलर.

प्रश्न : तिकडे आजारी पडलो तर नंबर कुठला? आणि हॉटेलच्या नळाला कुजक्या अंड्यांचा वास येतो म्हणे, पाणी प्यायचं का विकत घ्यायचं?

जीवावरचं काही असेल तर ११२, पोलिस, अ‍ॅम्ब्युलन्स, फायर, रेस्क्यू सगळ्याला एकच. तातडीचं नसेल, ताप आहे, पोट बिघडलंय, दाखवू का नको, तर १७०० वर नर्स सल्ला देते. ११२ चं अ‍ॅप आहे ते निघायच्या आधी टाकून घ्या, बटण दाबलं की तुमचं ठिकाण त्यांना कळतं, कारण 'आम्ही एका धबधब्याजवळ आहोत' यावरून आइसलँडमध्ये कुणालाच काही कळणार नाही. मोठं हॉस्पिटल रेक्याविकला लांड्सपिताली, दुसरं उत्तरेला आकुरेरीला, मधे छोटी आरोग्यकेंद्रं. आपल्याला पूर्ण पैसे भरावे लागतात, बिलं जपून ठेवा आणि इन्शुरन्सवाल्यांना त्याच दिवशी कळवा. कुठली खास लस सक्तीची नाही, धनुर्वात-गोवराच्या नेहमीच्या झालेल्या असल्या की पुरे.

पाण्याचं असं की थंड नळ आणि गरम नळ हे दोन वेगळे कारभार आहेत. थंड पाणी झऱ्यांचं, जगात क्वचित मिळेल असं, बाटली विकत घेणं म्हणजे पैसे वाया. गरम पाणी बऱ्याच ठिकाणी जमिनीखालच्या उष्णतेचं, वास त्याला. आंघोळीला चालतं, प्यायला नको. प्यायचं असेल तेव्हा थंड नळ थोडा वेळ सोडून द्या, वास जातो. चांदीच्या अंगठ्या-पैंजण आंघोळीआधी काढा, काळे पडतात. आणि गरम नळ एकदम पूर्ण उघडू नका, हात भाजेल इतकं कढत येऊ शकतं.

प्रश्न : मी एकटी मुलगी, २६ वर्षांची, डिसेंबरमध्ये. सेफ आहे का?

माणसांपासून, हो, रात्री अकराला रेक्याविकच्या रस्त्यावर मी एकटी फिरलेय, बारबाहेरच्या दारुड्यांपासून जेवढं लांब राहायचं तेवढं राहायचं. डिसेंबरमध्ये उजेड फक्त चार-पाच तास असतो आणि फुटपाथवर काचेसारखा बर्फ, तेव्हा बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे घे, तिथे सुपरमार्केटात, पेट्रोल पंपावर मिळतात, मनगट मोडण्यापेक्षा स्वस्त. एकटीने गाडी घेऊ नकोस, बसच्या टूर घे. कुठे लांब चालायला जाणार असशील तर सेफट्रॅव्हलच्या साइटवर तुझा प्लॅन टाकून जा आणि हॉटेलात एकाला तरी सांग. कार्ड सगळीकडे चालतं, अगदी टॉयलेटलासुद्धा, पण पिन पाठ हवा.

प्रश्न : डासांसाठी क्रीम न्यायचं का?

कित्येक वर्षं याचं उत्तर 'आइसलँडमध्ये डासच नाहीत' असं ऐटीत देता येत होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे पहिल्यांदा तीन डास सापडले आणि जगभर बातमी झाली. तीन! क्रीम नको. म्यिवात्न तळ्याला उन्हाळ्यात जाणार असाल तर तोंडावर घालायची जाळी न्या, त्या तळ्याच्या नावाचा अर्थच चिलटांचं तळं असा आहे आणि ती नाकातोंडात जातात.

प्रश्न : तिथल्या गरम पाण्याच्या पूलमध्ये जायच्या आधी सगळ्यांसमोर कपडे काढून आंघोळ करावी लागते हे खरं आहे का? मिसेस म्हणते मी नाही जाणार मग.

खरं आहे. पोहायचे कपडे घालायच्या आधी साबण लावून अंघोळ, बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा, भिंतीवर माणसाचं चित्र आणि कुठे कुठे साबण लावायचा ते लाल रंगाने दाखवलेलं, आणि टाळून पुढे जाणाऱ्याला तिथली बाई किंवा बुवा परत पाठवतो. कारण साधं आहे, पाण्यात क्लोरीन अगदी कमी घालतात. पण वहिनींना सांगा की बऱ्याच ठिकाणी आता एक-दोन पडद्याचे किंवा दाराचे शॉवर असतात, आत गेल्यावर विचारायचं. मी पहिल्या वेळी टॉवेल घट्ट गुंडाळून कोपऱ्यात उभी होते, तर शेजारच्या साठीच्या आजीबाई साबण लावता लावता मला विचारायला लागल्या की कुठून आलीस, हवा कशी वाटली, आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाहीये हे कळायला मला दहा मिनिटं लागली. मग बाहेर, उणे चार, डोक्यावर बर्फ पडतोय आणि मानेपर्यंत चाळीस डिग्रीचं पाणी. टोपी घालून बसा, केस गोठतात.